मे महिन्यातलं ड्राय हॉपिंग: लालब्रू व्हॉस यीस्ट विदर्भाच्या उन्हात कसं चालतं

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो. कवेलूच्या घरातली मधली खोलीसुद्धा दुपारी ३५-३६ अंशांवर असते, टिनाच्या शेडचं तर बोलायलाच नको. एल बिअरची बहुतेक यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट काम करतात. त्यांना ३२ च्या वर नेलं की नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो आणि घशाला झोंबणारी जड अल्कोहोलं तयार होतात. त्यामुळे लाइट जाण्या-येण्याच्या हिशोबात, वातानुकूलनाशिवाय उन्हाळ्यात बिअर करायची म्हटली की लालमांड कंपनीच्या ‘लालब्रू व्हॉस’ या सुक्या यीस्टचं नाव हमखास निघतं. आंबवण्याच्या कामात हे यीस्ट आपल्या उन्हाला पुरून उरतं. पण ड्राय हॉपिंग करायचं असेल, म्हणजे आंबलेल्या बिअरमध्ये न उकळलेले हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) टाकून त्यांचा वास घ्यायचा असेल, तर याच्या दोन सवयी आड येतात. त्या ओळखल्या नाहीत तर वासही जातो आणि बाटल्याही फुटतात.

कायद्याचं आधी. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, मग ती घरच्यापुरती का असेना. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत पूर्ण दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली, पण परवान्याची अट तिथेही आहेच. पुढचं सगळं परवाना हातात असणाऱ्यांसाठी.

पाकीट ११ ग्रॅमचं येतं. कंपनीची शिफारस १०० लिटरला ५० ते १०० ग्रॅम अशी आहे, म्हणजे २० लिटरच्या खेपेला एक अख्खं पाकीट लागतं. ‘क्वाइक आहे, चमचाभर पुरतं’ असं ऐकून अर्ध्या पाकिटावर काम भागवणारे पुष्कळ. ते करू नये. क्वाइक हा नॉर्वेतल्या बोलीतला यीस्टसाठीचा शब्द. हे वाण तिथल्या व्हॉस गावच्या सिगमुंड यर्नेस यांच्याकडून घेतलेलं, त्यांनी ते १९८० च्या दशकापासून जुन्या पद्धतीनेच जपलेलं. याची चालण्याची मर्यादा २५ ते ४० अंश, आणि खरी मर्जी ३५ ते ४० मध्ये. चाळिशीच्या वर मात्र नेऊ नका. २० लिटर वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) न आंबलेला गोड काढा, जोरात आंबताना स्वतःच तीन-चार अंशांनी तापतं, म्हणून खोली ३८ ची असेल तर आंबवणाच्या कॅनला ओलं पोतं गुंडाळून कूलरच्या झोतात ठेवा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ओल्या पोत्याचा चांगला उपयोग होतो, जुलैच्या दमट हवेत काहीच होत नाही.

आंबण्याचा वेग बघण्यासारखा आहे. हायड्रोमीटरवर (घनता मोजणाऱ्या काचेच्या नळीवर) १.०५० च्या आसपास दाखवणारं वर्ट ३५ अंशांना यीस्ट टाकल्यावर पाच-सहा तासांत फसफसायला लागतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुख्य काम आटोपलेलं असतं. एप्रिलमधला मोहाचा सडवा कसा वर येतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा जोर ओळखीचा वाटेल. साखर ७६ ते ८२ टक्के संपते, म्हणजे १.०५० वरून १.००९ ते १.०१२ वर येऊन थांबते. चवीत संत्र्याची साल येते, आणि ती नुसती जाहिरातीतली नाही. काटोल-वरुडचा संत्रा सोलताना नखाला जो तेलकट, किंचित कडसर वास लागतो, त्याच्या जवळचीच ती असते. एक अट आहे: या यीस्टला नायट्रोजनची भूक जास्त. नुसत्या माल्टच्या कडक वर्टमध्ये भागून जातं, पण हलक्या वर्टमध्ये किंवा साखर-गूळ घातलेल्या खेपेत यीस्टचं खाद्य, पाकिटावरच्या पूर्ण मात्रेत, उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत घालाच. नाही घातलं तर आंबणं १.०२० च्या आसपास अडकतं आणि कुजक्या अंड्याचा वास येतो.

आता हॉप्स.

हॉप्स टाकले, वास उतरला, काढून घेतले, इतकं हे काम साधं नाही. हॉपच्या फुलात स्वतःची एन्झाइम्स असतात. उकळीत घातलेल्या हॉप्समधली ती मरतात, पण ड्राय हॉपचे हॉप्स कधी उकळतच नाहीत. जिवंत एन्झाइम्स बिअरमध्ये उतरतात आणि यीस्टला न खाता आलेली डेक्स्ट्रिनं तोडून त्यांची साखर करतात. यीस्ट ती खातं आणि थांबलेली बिअर पुन्हा चालू लागते. यालाच हॉप क्रीप म्हणतात. गोष्ट नवी नाही, इंग्लंडच्या होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस यांनी १८९३ मध्येच ती लिहून ठेवली होती. मग ती जवळजवळ विसरली गेली आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात कर्कपॅट्रिक आणि शेलहॅमर यांनी कॅस्केड हॉप्सवर पुन्हा मोजून दाखवली. त्यांच्या बिअरमध्ये मुरवणीच्या काळात अल्कोहोल सुमारे १.३ टक्क्यांनी वाढलं होतं. हे सगळं बाटलीत झालं असतं तर बाटली उरली नसती.

हिशोब सोपा आहे. बाटलीत भरल्यावर हायड्रोमीटरचा एक अंक, म्हणजे ०.००१, उतरला की वायू साधारण अर्ध्या आकारमानाने वाढतो (वायू बिअरच्या आकारमानाच्या पटीत मोजतात). बाटलीत आपण २.२ ते २.४ धरून साखर घालतो. क्रीपने चार अंक उतरवले तर तो ४.२ ते ४.४ होतो, आणि नेहमीची काचेची बाटली ३ ते ३.५ च्या पुढे भरवशाची नसते. त्यात आपला उन्हाळा: तोच वायू २० अंशांना जेवढा दाब देतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट ४० अंशांना देतो.

व्हॉसची पहिली सवय इथे अडचणीची ठरते. हे यीस्ट फार घट्ट बसतं. काम संपलं की फुटलेल्या दुधासारख्या कवड्या होतात आणि चार-सहा तासांत तळाशी जातात, वरची बिअर लख्ख दिसते. नवख्याला वाटतं झालं, भरा बाटलीत. पण एन्झाइम्सना यीस्टची गरज नसते. ती वरच्या स्वच्छ बिअरमध्ये साखर करतच राहतात आणि खाणारं यीस्ट खाली झोपलेलं असतं. मीटरचा अंक दोन दिवस जागचा हलत नाही. मग बाटलीत भरताना साखरेबरोबर तळ ढवळला जातो, यीस्ट जागं होतं आणि आठवडाभर साठलेली साखर एकदम संपवतं.

दुसरी सवय वासाची. हॉप्सची तेलं यीस्टच्या भिंतीला चिकटतात. यीस्ट बसताना ती सोबत घेऊन खाली जातं, आणि व्हॉस इतर वाणांपेक्षा जास्त वेगाने, जास्त घट्ट बसत असल्याने नुकसानही जास्त. शिवाय ३५ अंशांना जोरात निघणारा वायू मर्सिनसारखी हलकी तेलं एअरलॉकमधून (कॅनच्या झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या नळीतून) बाहेर नेतो. कैरीचा देठ मोडल्यावर येणारा चिकाचा वास मर्सिनच्या जवळचा. खोलीत जितका छान वास दरवळेल, तितका तो बिअरमधून गेलेला असतो.

यीस्ट फक्त घेतं असंही नाही, ते वास बदलतंही. हॉप्समधलं जिरेनिऑल म्हणजे आपल्याकडच्या रोशा गवताच्या, तिखाडीच्या तेलातला मुख्य घटक, गुलाबासारखा. आंबण चालू असताना यीस्ट त्याचं सिट्रोनेलॉल करतं आणि वास गुलाबाकडून लिंबाकडे सरकतो. धण्यात असतं ते लिनालूलही थोडं बदलतं. पिकल्या पेरूसारखा वास देणारे थायॉल (गंधकयुक्त वासद्रव्यं) तर हॉप्समध्ये बहुतांश बांधलेल्या रूपात असतात, यीस्टने सोडवल्याशिवाय नाकाला लागत नाहीत. पण हे बदल हवे असतील तर हॉप्स यीस्ट जागं असताना टाकावे लागतात, आणि जास्तीत जास्त तेल राखायचं असेल तर यीस्ट खाली बसल्यावर. दोन्ही एकाच खेपेत पुरेपूर मिळत नाहीत.

ज्यांच्याकडे केग (बिअर दाबाखाली ठेवायची धातूची टाकी) आहे आणि चोवीस तास चालणारा फ्रिज आहे, त्यांनी आंबण संपवून १२-१४ अंशांवर आणावं, यीस्ट खाली बसवावं, त्या थंडीत हॉप्स टाकावेत आणि पिऊन संपेपर्यंत बिअर थंडच ठेवावी. थंडीत एन्झाइम्स मंदावतात. ही पद्धत वासाला उत्तम, पण गावात दुपारी सहा तास लाइट गेली की तिचा पाया निघतो. बाटलीत भरणाऱ्याने, आणि आपल्याकडे बहुतेक बाटलीतच भरतात, उलटा रस्ता धरावा: क्रीप टाळू नये, ते गरम असतानाच कॅनमध्ये पूर्ण होऊ द्यावं. थोडा वास जाईल, जाऊ द्या. या कामात व्हॉसची उष्णता सोसण्याची ताकद कामी येते. ३५ अंशांना एन्झाइम्स चपळ असतात, यीस्टही चपळ, आणि २० अंशांना आठवडे रेंगाळणारं क्रीप चार-पाच दिवसांत आटोपतं.

२० लिटरसाठी असं करा. कॅन २५ लिटरचा घ्या, वर मोकळी जागा राहिली पाहिजे. मीटर शेवटच्या अंकापासून तीन-चार वर असताना, म्हणजे साधारण १.०१४ ला, १०० ग्रॅम टी-९० गोळ्या, म्हणजे दळून दाबलेले हॉप्स, टाका. हा मुहूर्त बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी रात्री किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी येतो, चुकवू नका. सगळ्या एकदम ओतू नका. आधी वीस-एक ग्रॅम टाकून पाच मिनिटं थांबा. गोळी बिअरला टेकताच तिच्या खरखरीत अंगावर वायूचे बुडबुडे धरतात, हिरवा फेस चढतो, आणि पूर्ण पुडा एकदम गेला तर तो फेस छतापर्यंत उडतो. झाकण उघडल्यावर आत शिरणारी हवा या वेळी जागं यीस्ट लगेच खाऊन टाकतं. बसलेल्या यीस्टवर हॉप्स टाकले तर तीच हवा महिन्याभरात बिअर तपकिरी करते आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आणते.

नंतर झाकण न उघडता, सकाळ-संध्याकाळ कॅन दोन्ही हातांनी धरून गोल फिरवा, तळाची कवडी उठेल इतकंच. चार दिवस. व्हॉससाठी ही पायरी वैकल्पिक नाही. हॉप्सचा वास पहिल्या २४ ते ४८ तासांतच उतरलेला असतो, पुढचे दिवस वासासाठी नसून क्रीपसाठी आहेत. म्हणून गोळ्या मलमलच्या सैल पिशवीत टाकून दोन दिवसांनी वर ओढून घेतल्या तरी चालतं. गवतकट चव कमी येते आणि तोवर एन्झाइम्स बिअरमध्ये उतरलेलीच असतात.

हॉप्स जास्त म्हणजे वास जास्त, हा हिशोब लिटरला आठ ग्रॅमपर्यंतच चालतो. त्यापुढे संत्र-लिंबाऐवजी चहापत्ती आणि पाल्याची चव वाढते, घसा खवखवतो आणि गाळात लिटर-दीड लिटर बिअर जाते. आंबटपणाही उतरतो: लिटरला चार ग्रॅम हॉप्समागे पीएच साधारण ०.१ ते ०.१५ ने चढतो. चव बोथट वाटली तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

क्रीप किती होणार हे आधी कळतं. हॉप्स टाकण्याआधी दोन स्वच्छ बाटल्यांत २००-२०० मिलिलिटर बिअर काढा, दोन्हींत थोडी तळाची कवडी टाका, एकीत एक ग्रॅम हॉप्सची गोळी, दुसरीत काही नाही. झाकणं सैल ठेवा, खोलीतल्या सगळ्यात गरम जागी ठेवून येता-जाता हलवा. तीन-चार दिवसांनी दोन्ही मोजा. हॉप्सवाल्या बाटलीचा अंक म्हणजे तुमच्या कॅनचं खरं मुक्काम-ठिकाण. कॅन तिथे पोचल्याशिवाय बाटलीत भरायचं नाही.

मोजणीतही उन्हाळा फसवतो, आणि ही चूक मला इतर सगळ्यांपेक्षा जास्त महागाची वाटते. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात. ३५ अंशांच्या बिअरमध्ये तोच मीटर साधारण ०.००४ ने कमी दाखवतो. सकाळी २८ ला मोजलं आणि दुपारी ३८ ला मोजलं, तर काहीही न घडता तीन अंकांचा फरक दिसतो. दुपारी उतरल्यासारखं वाटतं, सकाळी चढल्यासारखं, आणि खरं क्रीप या गोंधळात लपतं. नमुना भांड्यात काढून माठाच्या पाण्यात ठेवा, थर्मामीटरने २५ च्या आत आलेला बघा, हलवून वायू काढा, मग मोजा. रोज एकाच वेळी. लागोपाठ तीन दिवस तोच अंक आला आणि तो चाचणीच्या बाटलीशी जुळला तरच पुढे जा.

क्रीपबरोबर डायअ‍ॅसिटिल येतं, लोण्यासारखा किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा वास. यीस्ट पुन्हा साखर खातं तेव्हा त्याचं पूर्वरूप बाहेर टाकतं, ते हळूहळू डायअ‍ॅसिटिल होतं आणि यीस्टनेच ते परत शोषायचं असतं. घाईने थंड केलं तर शोषणारं कोणी उरत नाही. तपासायला झाकणबंद ग्लासात थोडी बिअर ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं धरा, निववा आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी ठेवून वास घ्या. तापवलेल्यात लोणी लागलं तर अजून दोन दिवस, कॅन फिरवत.

व्हॉसबरोबर हॉप्स कोणते? सिट्रा, कॅस्केड, अमरिलो, मोझॅइक हे संत्र्याच्या चवीशी जुळतात. साझ किंवा हालरटाउ टाकू नका, त्यांचा नाजूक वास संत्र्याखाली दबतो आणि पैसे वाया जातात. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यातही हॉप्स होतात. ते सुक्या फुलांच्या रूपात मिळाले तर चालतील, पण फुलं वर तरंगतात, म्हणून पिशवीत स्टीलचा चमचा घालून बुडवा. खरा प्रश्न वाहतुकीचा. मुंबई-पुण्याहून निघालेला पुडा तालुक्याच्या कुरिअर ऑफिसात दोन दिवस ४२ अंशांत पडला तर हॉप्स आतून म्हातारे होतात. वर्षभराचे हॉप्स डिसेंबर-जानेवारीत मागवा, फॉइलचा पुडा फुगलेला नाही ना ते बघा, आणि घरी आल्याबरोबर डीप फ्रीझरमध्ये टाका. ताजी गोळी हिरवीगार असते, चुरगाळली की बोट चिकट होतं. तपकिरी पडलेल्या, जुन्या चीजसारखा वास येणाऱ्या गोळ्या ड्राय हॉपला घेऊ नयेत. यीस्टचं पाकीटही चार अंशांच्या खालीच ठेवायचं. ते उन्हाळ्यात चालतं म्हणून उन्हाळ्यात फळीवर ठेवायचं नसतं.

पाण्याचं थोडक्यात. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात, बोअरच्या पाण्याने ड्राय हॉप केलेली बिअर खारट-कडू लागते. तिथे आरओचा जार घ्या आणि २० लिटरला चार ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, दोन ग्रॅम जिप्सम घाला.

बाटलीत भरताना साखर लिटरला साडेसहा ग्रॅम. नेहमीच्या तक्त्यांत २० अंश धरून पाच-साडेपाच दिलेली असते. आपली बिअर ३५ ला आंबलेली, तिच्यात आधीचा वायू कमी उरतो, म्हणून थोडी जास्त. ती साखर कपभर पाण्यात उकळून, थंड करून घाला. पहिला आठवडा एक प्लास्टिकची सोड्याची बाटली त्याच बिअरने भरून काचेच्या बाटल्यांशेजारी ठेवा आणि रोज दाबून बघा. दगडासारखी कडक झाली की त्याच दिवशी सगळ्या बाटल्या थंड करा. थंडीची सोय नसेल तर डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड कापड घेऊन झाकणं एकदा सैल करा, वायू जाऊ द्या, परत बसवा.

पाच पैकी आंबवण्याला पाच, ड्राय हॉपला साडेतीन. अर्धा गुण संत्र्याच्या चवीमुळे हॉप्सची निवड आखडते म्हणून कापला, एक गुण त्या घट्ट बसण्यासाठी. ज्याला रोज दोन वेळा कॅन फिरवायला आणि मीटर बघायला वेळ नाही, त्याने व्हॉसवर ड्राय हॉप करू नये, साधी बिअर करावी, ती फार सुरेख होते. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे यीस्ट बाजूलाच ठेवा. रात्री पारा १०-१२ वर येतो, खोली २० च्या आसपास राहते आणि व्हॉस तिथे कुंथत चालतं. त्या चार महिन्यांत सेफएल यूएस-०५ हे यीस्ट घ्या. ते २६ च्या आत ठेवायचं असतं, चवीला तटस्थ आहे, सैल बसतं, म्हणून हॉप्सचा वास जास्त राखतं. फक्त त्या थंडीत क्रीप संपायला दहा-बारा दिवस तरी लागतात, तेवढे कॅलेंडरवर आधीच धरून ठेवा.